कोबिनाचं कापड

एकुआ बोत्वेला मी तीस वर्षं ओळखते. केप कोस्टच्या बाजारात आमचे गाळे शेजारी-शेजारी आहेत. माझ्याकडे दोरे, चेनी, बटणं, सुया. तिच्याकडे कापडी पिशव्या आणि उशा. दोन्ही गाळ्यांच्या मधे एक लाकडी बाकडं आहे, त्यावर मी बसते. ती मशीनपुढच्या स्टुलावर बसते. तिनं हजारो उशा शिवल्या असतील, पण स्वतःच्या बुडाखाली कधी एक घेतली नाही. विचारलं तर म्हणायची, "मऊ बसलं की उठवत नाही, अराबा."

बोत्वे म्हणजे आठवी. आईबापाची आठवी पोर. "सातांनंतर माझी आई इतकी दमली होती की मी दमलेलीच जन्माला आले," हा तिचा नेहमीचा विनोद. विनोद कसला, खरंच होतं ते. चौदाव्या वर्षी तिला शिवण शिकायला ठेवलं. पहिलं वर्ष झाडू मारण्यात गेलं, दुसरं काजं करण्यात. पुढं वीस वर्षं तिनं गावातल्या बायांचे झगे शिवले. मग परदेशातून जुन्या कपड्यांचे गठ्ठे यायला लागले आणि लोकांनी चर्च, लग्न आणि मयत सोडून शिवून घेणं बंद केलं. तेव्हा ती पिशव्या-उशांकडे वळली. समुद्रावरचा किल्ला बघायला लांबून माणसं येतात, पूर्वी गुलामांना कोंडायची ती तळघरं बघून रडतात, डोळे पुसतात आणि जाताना एक पिशवी घेतात. त्यांच्या रडण्यावर आमचं चालतं. हे बोलू नये, पण आहे ते आहे.

तिचा नवरा कोबिना होड्या बांधणारा सुतार होता. भला माणूस, पण बहिणीपुढं शेळी. त्याची थोरली बहीण दान्सोवा मासे धुरी देऊन विकते. आवाज असा की समुद्रावरच्या माणसाला किनाऱ्यावरून हाक ऐकू जावी. भावानं काही नवीन घेतलं की आधी तिला दाखवायचं. न दाखवता घेतलं तर लपवायचं.

त्याच्याकडं एक कापड होतं. निळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची वर्तुळं, एकात एक. या नक्षीला आमच्याकडे विहीर म्हणतात. चांगल्या मेणाच्या छपाईचं, आठ वार, दोन पट्टे मधोमध जोडलेले. पुरुषाच्या कापडाला ती एकच शिवण चालते, बाकी ते अखंड हवं. सणाला तो ते डाव्या खांद्यावर टाकून निघायचा तेव्हा सुतार वाटायचा नाही, कुणीतरी मोठा माणूस वाटायचा. एकुआ दारात उभी राहून बघायची.

मग त्याला दुखणं लागलं. पाय सुजायचे, पाठ टेकवेना. दोन वर्षं तो खुर्चीत बसून होता. त्या दोन वर्षांत दान्सोवा किती वेळा आली ते मी बोटांवर मोजून सांगेन आणि तरी बोटं उरतील. एके दिवशी तो एकुआला म्हणाला, "मी गेलो की अक्का कपड्यांची पेटी उचलून नेईल. ते कापड तिच्या पोराला, फीफीला जाईल. तुला त्यातली चिंधी मिळायची नाही."

यात त्यानं नवं काही सांगितलं नव्हतं. आमच्यात पुरुषाचे कपडे बहिणीच्या मुलाकडे जातात. सरकारचा कायदा काही का म्हणेना, पेटी बहीणच उघडते. बायको दारात उभी राहते.

"कापड नेता येतं," तो म्हणाला. "उशी कोण नेणार? काप. माझ्या पाठीला लाव. मग ते तुझं झालं."

एकुआनं तीन महिने ऐकलं नाही. जिवंत माणसाच्या कापडाला कात्री लावायची म्हणजे त्याच्या मरणाला आवतण. पण त्याची पाठ सोलवटली, रात्रंदिवस कण्हणं, आणि तो म्हणत राहिला, काप, काप. शेवटी तिनं कापलं. सोळा तुकडे, आठ लांबट उशा. सावरीचा कापूस भरला. सहा त्याच्या पाठीला, पायाला, डोक्याखाली. दोन तिनं मला आणून दिल्या, कारण माझी कंबर गेलेली. मी विचारलं, हे कुठलं कापड गं? तिनं सगळं सांगितलं. मी म्हटलं, बरं केलंस. आणि त्या उशांवर बसले.

कोबिना जानेवारीत गेला, उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता तेव्हा. घराण्यानं मयताची तारीख सात आठवड्यांनंतरची धरली. पाहुणे यायचे, मंडप, तुतारी, सगळ्यांना एकसारखं काळं-तांबडं कापड. तोवर तो दवाखान्याच्या फ्रिजमध्ये. नवरा फ्रिजमध्ये असेपर्यंत बाई धड विधवाही नसते. एकुआ रोज गाळ्यावर यायची, मशीन चालवायची.

मयताला नऊ दिवस उरले असताना दान्सोवा माझ्याकडे काळा दोरा घ्यायला आली. बारा रिळं. मी रिळं काढायला उठले. आणि तेवढ्यात तिची नजर बाकड्यावर गेली.

"हे काय आहे?"

"उशी," मी म्हटलं. दुसरं काय सुचणार!

"ही विहीर कोबिनाची आहे. मी स्वतः कुमासीहून आणून दिली होती त्याला. अठ्ठावीस वर्षं झाली. हिचा निळा मी अंधारात ओळखीन." तिनं उशी उचलली, उलटीपालटी केली, शिवण बोटानं चाचपली. शिवण एकुआचीच, ते आंधळ्यालाही कळेल. मग ती मशीनकडं वळली. "मी परवा पेटी उघडली. त्याला लोकांच्या दर्शनाला निजवायचं तर याच कापडात निजवायचं, म्हणून शोधत होते. म्हटलं, कुठं धुवायला टाकलं असेल. आणि इथं अराबा त्याच्यावर बूड टेकून बसली आहे!"

बाजार गोळा झाला. बाजाराला काय, फुकटचा तमाशा.

"तो जिवंत असताना तू त्याच्या कापडाला कात्री लावलीस," दान्सोवा म्हणाली. "बोल की. लावलीस का नाही?"

"लावली, अक्का," एकुआ म्हणाली.

"कशाला? मरायची वाट बघत होतीस? धीर निघाला नाही?"

मी तोंड उघडलं. उचलली जीभ लावली टाळ्याला असा माझा स्वभाव, आणि इथं तर सांगण्यासारखं होतं. पण एकुआनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. एवढीशीच. मी गप्प बसले. आयुष्यात इतकं जड मी काही गिळलेलं नाही.

"उत्तर दे!"

"अक्का," एकुआ म्हणाली. "तुम्हाला कापड हवंय ना? मयताच्या शनिवारी कापड मिळेल."

दान्सोवा रिळं न घेताच गेली. गर्दी पांगल्यावर मी एकुआवर तुटून पडले. "तोच म्हणाला होता हे सांगायला तुझी जीभ झडली होती का?"

"सांगितलं असतं तर काय झालं असतं?" ती म्हणाली. "चार लोकांत कळलं असतं की त्यानं बहिणीपासून लपवून केलं. घराणं त्याला निजवायला चाललंय, अराबा. त्यानं चोर म्हणून निजायचं का? मला काय, मला बोलून झालं."

दुसऱ्या दिवशी ती सहाही उशा घेऊन आली. माझ्या दोन मी दिल्या. ब्लेडनं एकेक टाका काढायला बसली. आठ उशांचा सावरीचा कापूस बाहेर पडला, आमच्या केसांत, नाकात, माझ्या बटणांच्या डब्यांत. ती खोकत होती आणि टाके काढत होती. स्वतःच घातलेले टाके, पक्के, बारीक, दुहेरी. "जरा ढिलं शिवायला काय झालं होतं मला," एवढं एकदा म्हणाली.

तिनं सोळा तुकडे अंथरले. सगळे निळे वेगवेगळे झालेले. त्याच्या पायाखालचे अजून गडद. खिडकीजवळचे विटलेले. माझ्याखालचे चार तर घासून गुळगुळीत, चकाकत होते. मला मान वर करवेना. आणि डोक्याखालच्या उशीच्या तुकड्यावर त्याच्या केसांच्या तेलाचा डाग, तळहाताएवढा.

"हा ठेव तू," मी म्हटलं. "अगं, एक ठेव. कुणी मोजतंय का?"

"मग तो तेवढा उघडा पडेल," ती म्हणाली, आणि तुकडा ओळीत लावला.

जोडताना खरी परीक्षा होती. कापताना वर्तुळं मधून तुटलेली, ती पुन्हा एकाला एक भिडवायची. पण शिवणीत दोन्हीकडून अर्धं-अर्धं बोट जातंच. त्यामुळं जिथं जिथं जोड, तिथं विहीर चेपलेली, अंड्यासारखी. एकुआनं तीनदा उसवलं, तीनदा जोडलं. डोळ्यांतून पाणी वाहायचं; रडत नव्हती, डोळेच थकले होते. किल्ल्याकडची माणसं यायची, पिशव्या बघायची, विचारायची, हे काय छान चाललंय? मी म्हणायची, विकायचं नाही. सहा दिवस तिनं एक पिशवी शिवली नाही. गुरुवारी घडी घालून तिनं कापड माझ्या हाती दान्सोवाकडे पाठवलं. स्वतः गेली नाही. "माझ्यात चालायची ताकद नाही," म्हणाली, आणि खोटं नव्हतं ते.

शनिवारी पहाटे कोबिनाला पितळी पलंगावर निजवलं. अंगावर ते कापड. दान्सोवानं चुण्या अशा घातल्या होत्या की बहुतेक शिवणी आत गेल्या. लांबून बघणाऱ्याला तो सणाला निघालेलाच वाटला असता. आणि मग मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात तसं सुरू झालं. कोबिनासारखा भाऊ नाही, कोबिनासारखा मामा नाही. दोन वर्षं खुर्चीकडे न फिरकलेले सगळे छाती पिटत होते. एकुआ बायकांच्या मागच्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर. मी तिचा हात धरला होता. सुईनं भोकं पडलेली बोटं, खरखरीत. ती एकदाच बोलली. "डावा खांदा नीट झाकलाय ना?"

"झाकलाय."

"बरं."

पुरलं, जेवणं झाली, मंडप निघाला. चालीप्रमाणं पुरण्याआधी ते कापड काढून घेतलं होतं. पुढच्या आठवड्यात घराण्यानं पेटी उघडली आणि ते फीफीला दिलं. फीफी तेमा बंदरात कारकून आहे. त्यानं कापड उलगडलं, खांद्यावर टाकून बघितलं आणि काढून ठेवलं. म्हणाला, शिडासारखी ठिगळं आहेत याला, हे घालून मी माणसांत जाऊ? दुसऱ्या भाच्याला विचारलं, तोही नको म्हणाला.

मंगळवारी दान्सोवा ते घेऊन बाजारात आली. मंगळवारी आमच्याकडं कुणी समुद्रात जात नाही, तिलाही काम नव्हतं. तिनं घडी एकुआच्या मशीनवर ठेवली.

"कुणी घेत नाही," ती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. "उशाच कर परत. मला एक दे. बाकीच्या वीक नाहीतर काय वाटेल ते कर."

आणि मला राहवलं नाही. एकुआनं बघितलं माझ्याकडं, पण मी तिच्याकडं बघितलंच नाही. "त्यानंच सांगितलं होतं कापायला," मी म्हटलं. "तीन महिने मागं लागला होता. पाठ सोलली होती त्याची. तुम्ही पेटी न्याल आणि हिच्या हाती काही लागणार नाही, म्हणून. आता मला मारा हवं तर."

दान्सोवा माझ्या बाकड्यावर बसली. उशी नसलेल्या कडक बाकड्यावर.

"खुर्ची बघवायची नाही मला त्याची," ती म्हणाली. "म्हणून येत नव्हते. लोक म्हणतात दान्सोवा कठोर आहे. मला बघवत नव्हतं." मग नाक शिंकरून म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी दिलं नसतं का हिला?"

"नसतं दिलं, अक्का," एकुआ म्हणाली.

दान्सोवानं तिच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता भडकणार.

"नसतं दिलं," ती म्हणाली. ती उठली आणि कापडाची घडी मशीनवरून उचलून एकुआच्या मांडीवर ठेवली. "मला उशी नको. तुझं आहे ते. सगळं." आणि मागं न बघता माशांच्या रांगेकडे चालू लागली.

एकुआनं घडी हळूहळू उलगडली. तेलाचा डाग सापडेपर्यंत उलगडत राहिली. मला वाटलं आता कात्री घेईल, कारण हात रिकामे ठेवणं तिला जमत नाही. पण ती स्टुलावरून उठली, म्हणाली, "सरक जरा," आणि माझ्या बाकड्यावर आडवी झाली. ते आठ वार कापड तिनं पायापासून डोक्यापर्यंत ओढून घेतलं. सकाळचे अकरा वाजले होते. तीस वर्षांत तिला दिवसा झोपलेली मी कधी पाहिली नव्हती.

किल्ल्याकडून दोन बाया आल्या, पिशव्यांना हात लावायला लागल्या, भाव विचारू लागल्या. मी त्यांना सांगितलं, आज नाही, उद्या या.