घोडकाठची काळी लोकर

बातमीदाराच्या बातम्या रद्दीत जातात. मागे उरतं ते बातमीत न बसलेलं. दौंडच्या सुनंदाताईच्या शेडमधलं असं बरंच माझ्याकडे साठलंय.

सुनंदाताई आणि चार बायका तिथे दोन मशिनींवर पिशव्या, पाकिटं शिवतात. प्लास्टिकचा धागा नको, ही तिची अट. एकदा पुण्यात कापड घ्यायला मी सोबत होतो. दुकानदार म्हणाला, "ताई, हंड्रेड पर्सेंट इको." ताईने एक धागा ओढला, पर्समधली काडेपेटी काढली आणि काउंटरवरच पेटवला. धागा वितळून त्याचा कडक काळा मणी झाला.

"ह्ये कंच्या झाडाला लागतं, दादा?"

दुकानदाराने आधी पंखा लावला, मग आम्हाला वाट दाखवली.

*

मग घोड नदीकाठच्या इनामगावचे किसनआबा आले. बहुतेक काळ्या मेंढरांचा कळप, आणि कातरलेली लोकर घ्यायला कुणी नाही. दरवर्षी ती ओढ्यात फेकायची. आपण परदेशी लोकरीचे स्वेटर घालायचे आणि घरची लोकर ओढ्यात टाकायची, याला मी गुन्हा म्हणतो. आमचे संपादक याला फीचर म्हणायचे.

आबांचा मुलगा दत्ता एमआयडीसीत इंजिनियर. "लोकर खपत न्हाई, मेंढरं इका," हे त्याचं पालुपद. यंदा त्याने व्यापारीही बघून ठेवला होता. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद.

आबांनी पोतं ताईपुढे ठेवलं. "पैशाचं नंतर बघू. ह्याचं कायतरी व्हतंय का, तेवढं सांग. न्हाईतर कळप गेला."

*

ताईच्या मदतीला पुण्याहून डिझायनर मेघना आली. तिने रंगांचं कार्ड उघडून विचारलं, "आबा, यातला कोणता रंग द्यायचा?"

"द्यायचा कशाला? मेंढीनं दिलाय की."

काळा, करडा, तपकिरी. तेच ठरले. त्याच रंगांत लोकरीचं कापड आणि एक शाल विणून घेतली.

*

हे कापड मातीत कुजतं का, ते मेघनाला तपासायचं होतं. तिने आबांच्या बांधाशी तुकडा पुरायला घेतला. आबा काठी टेकत धावले.

"हितं नगं, पोरी. आमच्या गावात जमिनीतनं कायबी निघालं की सायब लोक येत्यात, दोरी बांधत्यात आन् म्हंत्यात, हजारो वर्साचं हाय. मग म्या पेरायचं कुठं?"

तुकडा शेवटी ताईच्या तुळशीच्या कुंडीत गेला.

*

मग पुण्याच्या खरेदीदार बाई आल्या. ऑर्डर मिळाली तर कळप राहणार, हे शेडमधल्या सगळ्यांना माहीत होतं. बाईंनी शाल गालाला लावली आणि लगेच बाजूला ठेवली. "सुंदर आहे. पण टोचते."

मेघनाचा चेहरा उतरला. आबा टोपी काढून घडी घालू लागले. माझ्या ओठांवर चार कडक वाक्यं आली होती. तेवढ्यात ताईने बाईंच्या मांडीवरचा लॅपटॉप उचलला, शालीत गुंडाळला आणि परत दिला.

"ह्याला इचारा मॅडम, टोचतंय का."

बाई हसल्या. पहिली ऑर्डर लॅपटॉपच्या कव्हरांची मिळाली.

*

ऑर्डर गेल्यावर एका दुपारी दत्ता शेडमध्ये आला. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात, पाठीला सॅक. आबा कोपऱ्यात लोकर पिंजत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

दत्ताने सॅकमधून लॅपटॉप काढून ताईपुढे ठेवला. "ह्याचं माप घ्या."

ताईने टेप लावला. "व्यापारी कवा येणार हाय मेंढरं न्यायला?"

"माप नीट घ्या, ताई. कोपरे धरून."

"घेतलं. एकच शिवायचं?"

"आत्ता एक. दुसरं बायकोच्या लॅपटॉपला." त्याने सॅकची चेन लावली. "त्ये पुढच्या कातरणीच्या लोकरीचं करा."

शेडमधल्या दोन्ही मशिनी थांबल्या. आबा पिंजतच राहिले. मग हातातल्या लोकरीकडे बघत म्हणाले,

"सुनंदा, त्याला इचार, जेवलाय का."