डब्यांचा मुकादम

बायको ज्या जागी गेली तिथं आम्ही पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला होता. आमच्यात तो दहाव्यापर्यंत विझू द्यायचा नसतो. कधी मी बसायचो, कधी माझा पोट्टा. मे महिना आणि बीरगांवचं पत्र्याचं घर, आतमध्ये भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. तरी मी कूलरचा प्लग काढून ठेवला होता. वाऱ्यानं दिवा गेला असता.

पोट्ट्याची नोकरी कॉम्प्युटरवरची, घरी बसून करायची. कंपनी दूरच्या शहरातली. इथल्या हिंदी मुलखात वाढला, बोलतो हिंदीच.

"घरात सुतक हाय, सांगितलं नाही काय त्याईले?" म्हटलं.

"बोल दिया बाबा. नया हूँ ना, कौन सुनता है. शाम तक टेस्ट सर्वर खडा करना है, बस."

मी विचारलं, हे हाय कुठं? तो म्हणाला, क्लाउडमध्ये. म्हणजे दुसरीकडं कुठंतरी, भाड्याच्या मशीनवर. प्रोग्रॅम डब्यांत भरून चालवतात. असे पुष्कळ डबे, आणि त्यांच्यावर हा सर्वर म्हणजे मुकादम. एक डबा मेला की मुकादम लगेच त्याच्या जागी दुसरा उभा करतो.

माझा जन्म जवळच्याच उरला भागात, लोखंडी सळ्यांच्या रोलिंग मिलमध्ये गेला. लाल सळी एकाच्या मांडीतून आरपार गेली होती. त्याचं रक्त वाळायच्या आत आमच्या मुकादमानं त्या जागी दुसरा माणूस उभा केला.

"मंग यात नवीन काय शोधून राहिले रे तुम्ही?" म्हटलं.

तो हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

दिव्याचं तेल संपत आलं होतं. त्याला दिव्याजवळ बसवून मी दुपारी दुकानात गेलो. परतलो तर दारातूनच कूलरचा आवाज आला. वात काळी पडलेली, नुसता धूर. पोट्टा कानाला हेडफोन लावून स्क्रीनमध्ये घुसलेला. लॅपटॉप तापला म्हणून त्यानं कूलर लावला होता. माझी चाहूल लागली तसं मान न वळवता म्हणाला, "देखो बाबा, एक को मारा, दूसरा अपने आप उठ गया."

"तुह्या मायले उठव मंग."

दिव्याजवळचा बसायचा पाट उचलला आणि लॅपटॉपवर घातला. काच फुटली. दुसरा घाव त्याच्या डोक्यावर होता, त्यानं हात आडवा घातला म्हणून मनगटावर बसला. तो ओरडत उठला, माझी बनियन गळ्याशी धरून त्यानं मला भिंतीवर आपटलं. खुंटी डोक्याला लागली.

"मार डालूंगा," म्हणाला.

"मार. तुह्या मायचं न् माहं एकाच दिव्यात भागून जाईल."

त्याची पकड सुटली. तेव्हाच मी त्याच्या तोंडावर ठेवून दिली. तो पिठात पडला. त्याचा पंजा पिठात उमटला, ओठातलं रक्त त्यावर गळलं.

पडल्या पडल्या त्यानं खिशातून फोन काढला, पाहिला. "चल रहा है," म्हणाला. मी इथं त्याचं एवढं सामान फोडलं आणि तिकडं मुकादमाला ओरखडा नव्हता. मला वाटलं, आणखी मारावं.

कूलर बंद केला. तेल ओतलं. काडी पेटेना. त्यानं काडेपेटी हिसकावली.

"तू नाही," म्हटलं. "तूच विझवला."

"आई माझीपण होती."

मी हात मागं घेतला. त्यानं दिवा लावला.

"आता इथून उठला तर पाय तोडीन," म्हटलं.

तो दिव्याभोवती दोन्ही हातांचा आडोसा करून बसला. मनगट सुजत चाललं होतं. शेजारी फोन वाजला, थांबला, परत वाजला. कंपनीचाच असणार. त्यानं उचलला नाही. मी उचलू दिला नसता.