हातभर जाडीच्या भिंती

आमचं मातीचं, धाब्याचं घर पाडायची घाई मलाच झाली होती. खोटं कशाला बोलू? सोयरीक घेऊन आलेले लोक आधी वर धाब्याकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि चहा घेऊन निघून जायचे. दोनदा झालं तसं. मायला म्हटलं, "पाडून टाकू." ती म्हणाली, "ऊब जाईन ना बाप्पा." मी ऐकतोय कुठला! हातभर जाडीच्या भिंती जेसीबीनं बघता बघता भुईसपाट केल्या आणि मी मोबाइलवर फोटो काढत उभा. शहाणाच मी!

नव्या घराला एकेरी विटेची भिंत, वर स्लॅब, खाली चकचकीत फरशी. लग्न जमलं, झालंही. पण उन्हाळ्यात स्लॅब तव्यासारखा तापायचा आणि हिवाळ्यात फरशीवर पाय ठेववेना. मायचा दमा आधी थंडीत चार दिवस डोकं वर काढायचा, तो आता दिवाळीपासून होळीपर्यंत मुक्कामाला राहू लागला.

मग मी आणखी अक्कल पाजळली. जुन्या घरात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांची शेगडी आतच पेटवायचो, धूर धाब्यातल्या धुराड्यातून वर जायचा. तशीच शेगडी मायच्या खोलीत ठेवली आणि वारा नको म्हणून खिडकीत पोतं कोंबलं. या घराला धुराडंच नाही, हे टाळक्यात आलं नाही. सकाळी माय दाराशी बसून श्वासासाठी तडफडत होती, ओठ काळेनिळे. दवाखान्यात डॉक्टर माझ्यावरच खेकसले, "घर बांधलं का डबा? त्यांना उबदार, हवेशीर जागा द्या."

द्या म्हणे! होती तेव्हा मीच पाडली ना.

घरी आल्यावर मायनं कोणाला न विचारता वाकळ उचलली आणि गोठ्यात गेली. मातीचा तेवढा गोठाच उरला होता. माझं डोकंच फिरलं. "लोक काय म्हणतीन? मायले म्हशीजवळ ठेवलं म्हणतीन!"

"दम लोकाइले लागते का मले?" ती म्हणाली.

आठवडाभरात तिचं दम्याचा पंप ओढणं निम्म्यावर आलं. परवा दुपारी सासरे येणार म्हणून बायको म्हणाली, "आत्याबाईले आत आना." आणायला गेलो. माय गाढ झोपली होती, छातीत घरघर नाही, काही नाही. मी गोठ्याचं दार हळूच ओढून घेतलं. सासऱ्यांनी विचारलं, "विहीणबाई दिसत नाहीत?"

म्हटलं, "माय बहिणीकडं गेली हाये."