अर्ध्या तासाचा देवगण

माझी थोरली बहीण राक्षसगणाची. हे वाचून तुमच्या डोळ्यांपुढे मोकळे केस आणि हातात त्रिशूळ वगैरे आलं असेल, तर ते कृपया परत पाठवा. साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या तर ताई तो उन्हात ठेवायची आणि त्या आपल्या पायांनी निघून जाईपर्यंत घरादाराला बिनसाखरेचा चहा पाजायची. पण जन्म चित्रा नक्षत्राच्या अगदी शेवटच्या टोकाला झालेला, आणि चित्रा म्हणजे राक्षसगण. आणखी अर्धा तास थांबली असती तर स्वाती लागलं असतं आणि बाईसाहेब थेट देवगणात गेल्या असत्या. मी स्वतः देवगणाचा. माझे पराक्रम आळीत अजून सांगतात.

तेव्हा नुकतंच मध्यभारत राज्य झालं होतं. जुनी इंदूर भागात आमच्या दोन खोल्या. आई आमच्या लहानपणीच गेली. घरात वडील, आत्या, ताई आणि कॉलेजात नाव घातलेला मी. वडील शाळेत गणित शिकवायचे. खोटं त्यांना पचत नसे. त्यांनी मला, पोटच्या मुलाला, अर्ध्या मार्काने नापास केलं होतं आणि वर निकालाच्या दिवशी मलाच पेढे आणायला पाठवलं होतं, दुसऱ्या मुलांसाठी. एकादशीला शेजारपाजारची मंडळी जमली की ते समजावून सांगत: माणूस म्हणजे तिपेडी वेणी. सत्त्व, रज, तम. कुठलाही एक पेड काढून टाकलात तर वेणी सुटते. यावर आत्या आतून म्हणायची, "माझा सत्त्वाचा पेड कुणाला सापडला तर सांगा रे, कधीचा शोधतेय."

आत्या वडिलांची मोठी बहीण, सतराव्या वर्षी विधवा होऊन परत आलेली, आणि खोटं बोलण्यात आमच्या भागात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शेजारणीचा पाटा मागून आणला आणि दोन वर्षांनी तो आपल्या सासूने दिला होता असं त्याच शेजारणीला पटवलं. शेजारीण पाट्याचं कौतुक करून गेली.

तर ताईला एक स्थळ आलं. होळकरी दरबारात चाकरी केलेलं जुनं घराणं, मुलगा सचिवालयात. सरकार तेव्हा हिवाळ्यात ग्वाल्हेरला जायचं आणि उन्हाळ्यात इंदूरला यायचं, आणि त्यामागून हा मुलगाही पेट्या घेऊन जायचा यायचा. गणेशोत्सवात ताईने त्याला दोनदा पाहिलं होतं. पसंत आहे असं ती कधी म्हणाली नाही. पण कुणी ग्वाल्हेरचं नाव काढलं की पोळीवरचं लाटणं थांबायचं.

मुलाचा देवगण. त्याच्या वडिलांनी आधीच कळवलं होतं, बाकी सब चलेगा, राक्षसगण नको.

त्या रविवारी वडिलांनी मला समोर बसवलं. माझं अक्षर चांगलं, एवढाच माझा सद्गुण. त्यांनी सगळी पत्रिका नव्याने मांडून ठेवली होती. गणित बिनचूक, फक्त उत्तर आधी ठरलेलं. वर्गात शुद्धलेखन सांगावं तशा आवाजात ते म्हणाले, "जन्मवेळ सकाळी सव्वादहा. लिही." मी वर पाहिलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. खरी वेळ पावणेदहा होती. मी सव्वादहा लिहिलं, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, आणि काय सांगू, अक्षर फार सुरेख आलं होतं.

आत्याला काही सांगायची गरज कुणालाच वाटली नाही. ती पत्रिका पाहून हसली होती. एवढं पुरे होतं.

मंडळी पाहायला आली. पोहे झाले, पत्रिका पाहून झाली, मुलाच्या वडिलांचा चेहरा प्रसन्न. मग ते म्हणाले की त्यांच्या घरची एक रीत आहे: बाळंतिणीपाशी जी बाई होती तिच्या तोंडून वेळ ऐकायची, मगच सुपारी फोडायची. आणि आत्याकडे वळून म्हणाले, "बाईसाहेब, तुम्हीच होतात ना? किती वाजले होते?"

मी निर्धास्त होतो. पाट्याची मालकी बदलणाऱ्या बाईला अर्धा तास म्हणजे काय?

आत्याने पदर सारखा केला. "पावणेदहा," ती म्हणाली. "मी घड्याळ पाहिलं होतं."

वडिलांनी मान खाली घातली. पाहुणे सभ्य माणूस. त्यांनी पत्रिका घडी करून पाटावर ठेवली. "खरं सांगितलंत, उपकार झाले. लेकिन मास्तरसाहेब, तुमच्याकडून ही उम्मीद नव्हती." ताई दारात पानाचं तबक घेऊन उभी होती. ते कुणी घेतलं नाही.

टांग्यापर्यंत पोचवायला मी गेलो. मुलगा बुटाची नाडी बांधायला मागे थांबला आणि वर न बघता इंदुरी थाटात म्हणाला, "भिया, मला चालत होतं."

"मग आत का नाही बोललात?"

"आत वडील होते ना," तो म्हणाला आणि टांग्यात जाऊन बसला.

परत आलो तर वडील आत्यासमोर उभे होते. आयुष्यभर खोटं बोललीस, आजच का तुला खऱ्याचा पुळका आला, एवढंच ते विचारत होते, पुन्हा पुन्हा. आत्या म्हणाली, "माझ्या वेळीही जन्मवेळ अशीच सरकवली होती रे. आपल्या वडिलांनीच. दीड वर्षात मी परत आले." वडिलांना हे ठाऊक नव्हतं. ते खाली बसले.

मी काय करणार होतो? कुणावर चिडावं तर जागाच सापडेना. वडील खोटे वागले ते पोरीसाठी. आत्या खरं बोलली तेही पोरीसाठी. पण रोज संध्याकाळी तिच्या गुडघ्यांना तेल चोळणारी ताई ग्वाल्हेरला जाणार होती, हेही खरंच होतं, आणि ते आत्याच्या मनात अजिबात आलं नसेल अशी शपथ मी घेणार नाही. ती स्वतः घेऊ शकली असती की नाही, देव जाणे.

ताई बशा गोळा करत होती. माझ्याकडे पाठ करूनच तिनं विचारलं, "टांग्यापाशी ते काही बोलले का?"

मला बोलायला कधी कमी पडलं नाही. नाटकात दुसऱ्याची वाक्यंसुद्धा मी म्हणून टाकायचो. त्या क्षणी मात्र तोंडात दोनच गोष्टी होत्या. एक सांगितली तर ती त्या माणसासाठी जन्मभर हळहळणार, दुसरी सांगितली तर तो तिच्या मनातून उतरणार. आणि त्याने दोन्ही लागोपाठ सांगितल्या होत्या.

"काही नाही," मी म्हणालो. "बुटाची नाडी बांधत होते."

ताई "बरं" म्हणाली. तिने आणखी काही विचारू नये म्हणून मी जीव मुठीत धरून उभा होतो, आणि विचारलं तर सगळं सांगून मोकळा होईन असंही वाटत होतं. ती बशा घेऊन मोरीकडे गेली.