चार नटबोल्ट

गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, किनवटहून नांदेडला परतणारी आमच्या दैनिकाची जीप रस्त्याकडेच्या चरात उतरली. गाडीत तिघे होते: चालक वाघमारे मामा, त्यांच्या शेजारी लातूरच्या मुख्य कार्यालयातले व्यवस्थापक, मागे मी. जखमी एक. व्यवस्थापकांना सहा टाके पडले.

मामा अकरा वर्षं ही जीप चालवत होते. गाडी सुरू करण्याआधी ते मागचं दार उघडून एक लोखंडी पेटी दोन्ही हातांनी हलवून बघत. रुतलेली गाडी ओढून काढायचं सामान तिच्यात असे: साखळी, जॅक, जाड पट्टा, हातानं चालवायची विंच. सगळं मिळून एका माणसाच्या वजनाचं. पेटी मागच्या सीटला टेकवून चार नटबोल्टांनी तळाशी आवळलेली होती. झाकण मागच्या सीटवरून उघडता येई, कारण चिखलात गेलेलं मागचं दार उघडत नाही. आतून जरासा आवाज आला तरी मामा गाडी हलवत नसत. मग पूर येवो, नाहीतर मंत्री.

"गाडी बिरेकनं थांबती. माल कशानं थांबंल?" ते विचारत. उत्तर द्यायला कुणाला वेळ नसे.

व्यवस्थापकांचे सत्कार फार होत. शाली आणि सन्मानचिन्हांना जागा लागे. त्या शुक्रवारी निघतानाच त्यांनी बजावलं, "मामा, सोमवारपर्यंत हे भंगार काढा. नाहीतर तुम्ही निघा." मामांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती.

किनवटला व्यवस्थापकांचा सत्कार 'सुरक्षित प्रवास' या लेखमालेबद्दल होता. सन्मानचिन्ह म्हणून सागवानी पाटावरचा पितळी सिंह मिळाला. मामांनी तो हातात तोलला.

"लई जड हाय, सायेब. पट्ट्यानं बांधू का?"

"सन्मानाला कुणी बांधतं का, मामा? राहू द्या सीटवर."

"ऱ्हाऊ द्या. पर ह्याला बिरेक न्हाई, येवढं सांगून ठेवतो."

वाटेत म्हैस आडवी आली. मामांनी ब्रेक दाबला, गाडी घसरून चरात गेली. पेटी हलली नाही. माझ्या शेजारचा सिंह दोन सीटांमधून पुढे गेला आणि व्यवस्थापकांच्या कानामागे लागला.

मामांनी आपला गमछा जखमेवर बांधला. मग पेटी उघडून पट्टा झाडाला गुंडाळला, विंच लावली. वीस मिनिटांत जीप रस्त्यावर आली.

"आता तरी बांधू का, सायेब?"

व्यवस्थापकांनी मान हलवली. होकार होता की वेदना, ते कळलं नाही.

सोमवारी परिपत्रक निघालं. वाहनातील जड वस्तूमुळे अधिकाऱ्यास दुखापत झाली असल्याने सर्व गाड्यांतील लोखंडी सामान तातडीने काढावे. सिंह पितळेचा असल्याने त्याचा उल्लेख नव्हता.

"पेटी काढायची तर मलाबी काढा," मामा म्हणाले. कार्यालयाने दोन्ही काढलं.

शेवटच्या दिवशी मामा जीप जमा करायला लातूरला गेले. मी सोबत होतो. व्यवस्थापकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. सिंह त्यांच्या खुर्चीमागच्या फळीवर पक्का करून हवा होता. मामांनी तो बसवला.

"पडणार नाही ना, मामा?"

"न्हाई, सायेब. पेटीचेच बोल्ट हायेत."

मामांनी सिंह दोन्ही हातांनी हलवून बघितला. आवाज आला नाही.