खाजामियाँची फटफटी आणि मोटेचं चामडं

बुधवार, १२ जानेवारी १९४४. बीड.
पहाटे कडक थंडी. जोंधळे निवडून दळायला दिले. देवीच्या लशीची पेटी आज उघडली, दोन नळ्या फुटलेल्या निघाल्या. डॉक्टर छकड्याने लिंबागणेशला गेले. दवाखान्याची फटफटी दुपारी बैलगाडीत घालून औरंगाबादला रवाना केली. खाजामियाँ फाटकापर्यंत आले, पुढे आले नाहीत. ऊन बरे होते, गोधड्या वाळत घातल्या.

खाजामियाँ फाटकापर्यंत तरी कसे चालत आले, हे त्यांच्या बायकोला, जाहेदाला, कळेना. उजव्या गुडघ्याला फळ्या बांधलेल्या होत्या. सकाळीच ती म्हणाली होती, "घर में बैठो. गाडी जाती सो देख के क्या मिलनेवाला है?" त्यांनी काठी घेतली आणि निघाले.

बीडच्या सरकारी दवाखान्याची ती फटफटी गेली कित्येक वर्षं खाजामियाँच चालवत होते. मागे डॉक्टर, डॉक्टरांच्या मांडीवर औषधांची पेटी आणि पुढे खाजामियाँ, डोक्याला उपरणं घट्ट बांधलेलं. धुरळा उडाला की शेतातली माणसं काम थांबवून म्हणायची, दवाखाना निघाला बघा. पटकी असो, देवी असो, बाळंतपण अडलेलं असो, चकलांब्यापासून लिंबागणेशपर्यंत लोक वाट बघायचे ती फटफटीच्या आवाजाची.

खाजामियाँचे वडील नालबंद होते. रिसाल्यातल्या घोड्यांना नाल मारण्यात त्यांचं आयुष्य गेलं. खूर झिजला की घोडा पाऊल कसं चोरतो, वळताना कुठल्या अंगाला झुकतो, हे खाजामियाँ शाळेत न जाता शिकले. पुढे घोडे कमी झाले, नालबंदाची भट्टी विझली. तलावाच्या कामावर आलेल्या एका इंजिनिअराची फटफटी धरून उभं राहायचं काम मिळालं, आणि धरता धरता ते तिच्यावर बसले. दवाखान्याला गाडी मिळाली तेव्हा सगळ्या बीडमध्ये तिच्यावर बसायला तयार असलेला माणूस एकच होता.

जोरात कुणीही चालवील, असं ते म्हणत. गाडीचा वेगच तिला उभी ठेवतो. खरं कसब हळू वळण्यात. मांजरसुंब्याच्या घाटात पुढे कडब्याच्या गाड्यांची रांग असायची, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. बैलाच्या चालीने जायचं आणि त्याच चालीने अवघड वळण घ्यायचं. भलेभले अशा वेळी पाय खाली सोडतात. खाजामियाँ सोडत नसत. डॉक्टरांना त्याचं कौतुक वाटे. पाय का सोडत नाहीत ते मात्र डॉक्टर आणि जाहेदा यांनाच ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी गाडी चालू करताना किकने उलटा फटका मारला आणि उजवा गुडघा कायमचा गेला. चालताना चालून जाई. पण अंगाचा भार एकदम आला तर तो पाय पेलत नव्हता. उजवीकडे गाडी कलली आणि पाय टेकवायची वेळ आली, तर टेकवायला पायच नव्हता.

मग लढाई सुरू झाली आणि रबर मिळेनासं झालं. हैदराबादहून नवे टायर येत, ते लष्कराकडे जात. फटफटीचं मागचं चाक गेवराईच्या सरळ सडकेवर धावून धावून मधोमध झिजलं. आधी त्याची पाठ कलिंगडासारखी गोल होती, ती आता पाट्यासारखी सपाट झाली, आणि सपाटीच्या दोन्ही बाजूंना कड आली. सरळ रस्त्यावर फरक जाणवत नसे. उलट गाडी जरा जास्तच ताठ चाले. फरक कळे तो हळू वळताना. गोल चाक जितकं कलवाल तितकं कलतं. हे आधी कलायलाच तयार नसे. जोर लावावा तर हट्टी बैलासारखं उभं. आणखी जोर लावला की कडेवरून एकदम पलीकडे पडे. मधलं काही उरलंच नव्हतं, आणि हळू वळणं सगळं त्या मधल्यावर चालतं.

खाजामियाँनी अंगाने तेही सांभाळलं. गाडी एका अंगाला, आपण दुसऱ्या अंगाला, मागचा ब्रेक किंचित दाबलेला. घाट उतरल्यावर ते डॉक्टरांकडे पाठ करून गाडी पुसायला घेत.

डिसेंबरात डॉक्टर औरंगाबादहून आले आणि त्यांना बोलावून म्हणाले, "खाजामियाँ, खात्याचे वरिष्ठ मोहतमीम साहेब दौऱ्यावर येतायत. सगळ्या जिल्ह्यांच्या गाड्या बघणार. ज्या गाडीच्या टायरचं रबर झिजून आतलं कापड दिसतंय ती परत. आणि चालवणाराला पटांगणात हळू फेऱ्या मारायला लावणार, पाय न टेकता. घाटासाठी म्हणे."

"गाडी गेली तर मी काय करायचं, साहेब?"

डॉक्टर टेबलावरची शाईची दौत सरकवत राहिले. "दवाखान्यात काही ना काही बघू," एवढंच म्हणाले. काही ना काही म्हणजे पाणी भरणं, हे दोघांनाही कळत होतं, आणि या गुडघ्यावर पाणी भरणंही होणारं नव्हतं.

टायरचं कापड दिसू लागलंच होतं. नालबंदाच्या मुलाला यावर जे सुचायला हवं होतं तेच सुचलं. खूर झिजला तर नाल मारायचा. ते मोटा शिवणाऱ्या म्हाळूकडे गेले. विहिरीचं पाणी ओढणाऱ्या मोटेचं चामडं जाड, तेल पिऊन मऊ झालेलं, वर्षानुवर्षं न फाटणारं. त्याचा पट्टा चाकाला घालायचा होता.

म्हाळूने चाक फिरवून फिरवून बघितलं. "खाजाभाई, मोट पाण्यात जाती अन् वर येती. ती कुठं वळती?"

"तू शिव बे. वळवायचं माझ्याकडं."

"शिवतो की. मला काय, तुमी म्हनलात तर तुमच्या बायकूच्या जात्याला बी जोडा शिवीन."

"तिला सांगू नको, खरंच शिवून मागंल."

म्हाळूने पट्टा भिजवला, चाकावर ताणून बसवला आणि वादीने दोन्ही बाजूंनी आवळत नेला. उन्हात वाळला तसा तो टायरला असा धरून बसला की जणू अंगचाच. पट्टा रुंद होता. म्हाळूने विचारलं, "कडा तासू का? लई ताठ हायती." खाजामियाँ नको म्हणाले. नाल खुराच्या काठापर्यंत यावा लागतो, आत राहिला तर खूर फुटतो. वडिलांच्या भट्टीवर हे त्यांनी हजारदा ऐकलं होतं.

पेट्रोल मोजून मिळे, म्हणून गाडी एकदाच बाहेर काढली. गेवराईच्या सडकेवर ती रेशमावरून गेल्यासारखी गेली. परत येताना म्हाळूच्या बोळात वळवली तेव्हा मात्र अडली आणि मग धक्का देऊन कलली. भिंतीला हात लावून त्यांनी सावरलं. एकदा वाटलं, परत जावं, कडा तासून घ्याव्यात. पण नवा नाल मारलेला घोडाही पहिला दिवस असाच चालतो. दुसऱ्या दिवशी त्याला सवय होते. घरी येऊन त्यांनी जाहेदाला सांगितलं, "हो गया काम." ती म्हणाली, "तुम्हारे मुँह पे तो नहीं दिखता." मग दोघं जेवले.

मोहतमीम साहेब आले त्या दिवशी पटांगणात सडा घातला होता. मोठा अंमलदार यायचा म्हणजे भिस्त्याने पखालीने पाणी मारून धूळ बसवायची, ही रीतच होती. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चाक बघितलं, बोटाने दाबलं आणि हसले. "यह किसने किया?"

"मैंने करवाया, हुजूर."

"दिमाग़ तो लगाया है. चलिए, उस नीम के गिर्द."

फेरी पटांगणातल्या कडुलिंबाभोवती, उजवीकडे वळत घ्यायची होती. दवाखान्याच्या ओट्यावर कंपाउंडर होता, झाडणारी दगडाबाई होती, रोगी चादरी पांघरून उभे होते. खाजामियाँनी गाडी धकवून चालू केली, बसले आणि माणसाच्या चालीवर आणली. पहिली फेरी त्यांनी मोठी घेतली. चाक अडलं, त्यांनी अंग बाहेर काढलं, हलकेच दाबलं, गाडी वळली. ओट्यावरून कुणीतरी वाहवा म्हणालं. साहेबांनी हाताने खूण केली, आणखी जवळून.

दुसरी फेरी लहान. आता जास्त कलवायला हवं होतं. चाक कलेना. रुंद पट्ट्यावर गाडी पाटावर बसल्यासारखी बसली होती. त्यांना वडिलांची भट्टी आठवली नाही, काहीच आठवलं नाही. फक्त कळलं की ज्या कडेपर्यंत पूर्वी बोटभर अंतर होतं, ती आता हातभर लांब आहे आणि तिच्यापलीकडे काही नाही. त्यांनी हँडल जरा वळवलं. गाडी कडेवर चढली आणि उजवीकडे आली, सगळी, एकदम.

पाय आपोआप खाली गेला. मनाने किती वर्षं त्याला बांधून ठेवलं होतं, शरीराने ऐकलं नाही. गुडघ्यातून जो आवाज आला तो ओट्यावर ऐकू गेला, असं दगडाबाई पुढे कितीतरी दिवस सांगत होती.

लोक म्हणाले, सड्यामुळे घसरली. भिस्ती बिचारा चार जणांच्या शिव्या खाऊन गेला. खाजामियाँनी त्याला दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की तुझी चूक नाही. कोरड्या जमिनीवरही ते पडलेच असते. टायर जसा होता तसा ठेवला असता तर कापड दिसलं असतं आणि गाडी गेली असती. कडा तासल्या असत्या तर पट्टा कदाचित महिनाभर टिकला असता. मग तोही झिजला असता. गोल चाक बीडमध्ये कुठेच नव्हतं.

म्हाळू भेटायला आला. खाटेशी उकिडवा बसला. "म्या तासायला पायजे व्हतं," तो म्हणाला. "न सांगता."

"मी सांगितलं होतं ना, नको."

"तुमचं ऐकलं म्हून तर म्हनतो."

जाहेदाने त्याला चहा दिला. खाजामियाँ छताकडे बघत होते. म्हणाले, "म्हाळू, घोड्याला नाल मारतात कारण घोडा पाय उचलतो. चाक उचलतंय का पाय? ते टेकलेलंच कलतं." म्हाळूला हे कळलं की नाही कोण जाणे. त्याने मान हलवली.

आज कडबा अंथरलेल्या बैलगाडीत फटफटी चढवायला चार माणसं लागली. फळीवरून ढकलताना मागचं चाक अडकलं, तेव्हा गाडीवान म्हणाला, जरा कलती करा. खाजामियाँ फाटकाला धरून उभे होते. माणसांनी गाडी कलवली, ती धाडकन दुसऱ्या बाजूला आली, एकाचा हात चेमटला, मग दोरीने बांधली. कंपाउंडर कुठलासा कागद गाडीवानाच्या हातात देऊन आत गेला.

बैल निघाले. खाजामियाँ पुढे गेले नाहीत. रस्ता वळेपर्यंत त्यांना हँडल दिसत होतं, कडब्यातून वर आलेलं. जाहेदा मागून आली आणि काठीच्या विरुद्ध बाजूला उभी राहिली, म्हणजे तोल गेला तर तिच्या अंगावर जावा. घरी जायला त्यांना दुपार उलटली. वाटेत कुणी विचारलं, मियाँ, आता काय, तर ते म्हणाले, "बसतो."

लिंबागणेशला डॉक्टर छकड्याने पोचेपर्यंत दिवस कलायला लागला असणार. फटफटीने ते जेवायला घरी परतत. आज परत येणं शक्यच नव्हतं. त्यांच्या पत्नी वत्सलाबाईंनी सवयीने पीठ मळलं होतं. दिवा लावून त्या वही घेऊन बसल्या आणि दुपारी लिहिलेल्या नोंदीखाली लिहिलं: दोन भाकरी उरल्या, गाईला घातल्या.