माईक हातात होता तेव्हा

"कॅन्सर ऑफ लॅरिंक्स," लातूरचे डॉक्टर म्हणाले. लॅरिंक्स म्हणजे स्वरयंत्र. ते पूर्ण काढावं लागणार होतं. पुढे गळ्याला कायमचं भोक, श्वास तिथूनच. "काका, ऑपरेशनला दहा दिवस आहेत. कुणाशी काही बोलायचं असेल तर बोलून घ्या."

भूकंपानंतर मदतीच्या गाड्यांवर ओरडून आवाज बसला, तो धुळीनंच, असं मी धरून चाललो. मिठाच्या गुळण्यांवर वर्ष काढलं. तुमचा आवाज तीन आठवडे बसलेला राहिला तर हा शहाणपणा करू नका. घशाच्या डॉक्टरला दाखवा.

मला एकाच माणसाशी बोलायचं होतं. गफूरभाई. नांदेडला माझं साप्ताहिक होतं, त्याचे छपाईचे खिळे तेच जुळवायचे. एकाहत्तरच्या लढाईत मीच त्यांना छापखान्यातला रेडिओ ऐकून बातम्या टिपायला सांगितलं, पाकिस्तानचं केंद्रसुद्धा. गफूरभाई पाकिस्तान ऐकतात, अशी गावात कुजबुज सुरू झाली. मी तेव्हा संपादकाचा नुकताच पुढारी झालो होतो, निवडणूक तोंडावर होती. भर सभेत बोललो, "शत्रूचा रेडिओ ऐकणारा माणूस माझ्या छापखान्यात नको!" टाळ्या पडल्या. निवडून आलो. गफूरभाईंना मग नांदेडात कुणी कामावर घेतलं नाही. बिलोलीला जाऊन सायकली दुरुस्त करत राहिले.

ऑपरेशनच्या पाच दिवस आधी लातूरच्या एका कोचिंग क्लासनं गुणवंतांच्या सत्काराला बोलावलं. तिसऱ्या रांगेत गफूरभाई बसलेले. त्यांच्या नातीचा सत्कार होता. मंडप भरलेला, माईक हातात, घोगरा का होईना पण आवाज होता. मी वीस मिनिटं जिद्द आणि परिश्रमावर बोललो आणि खाली बसलो. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

ऑपरेशन झालं. नाकातली नळी जेवणाची, गळ्यातली श्वासाची, उशाशी पाटी-पेन्सिल. रडलो, तर त्याचाही आवाज आला नाही. बायकोनं तोंड फिरवलं.

आठव्या दिवशी गफूरभाई मोसंबी घेऊन आले. मी पाटीवर लिहिलं, "रेडिओ मीच ऐकायला लावला होता. खोटं मी बोललो. माफ करा." त्यांनी चष्मा लावून, प्रूफ तपासावं तसं सावकाश वाचलं.

"मला कशाला सांगून राहिले, साहेब? मला मालूम न्हाई का? सभेत बोलले होते तुमी. लोकायला सांगा."

पाटी माझ्या पोटावर ठेवून ते गेले. मोसंबी बायकोनं वॉर्डात वाटून टाकली.

जखम भरली. डॉक्टरांचे, सिस्टरचे, बायकोचे उपकार फिटायचे नाहीत. पण साप्ताहिक कधीच बंद पडलंय, आणि सभेत उभा राहिलो तर गळ्यातून नुसती हवा निघेल. म्हणून इथे लिहितो. रेडिओ माझा होता. गफूरभाईंनी मी सांगितलं तेच केलं. त्या सभेत टाळ्या वाजवणारं कुणी हे वाचत असेल, तर एवढं घरात मोठ्यानं वाचून दाखवा. मला ते करता येत नाही.